क्रिकेटचे रूप ठरवताना प्रेक्षक कुठे असतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली आणि आयपीएलच्या तिकिटावरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यती यांचा प्रवेश ज्या गटात मोडतो, त्याच गटात हे तिकीट बसवण्यात आले आहे. राष्ट्रीय संघाच्या सामन्याचे तिकीट मात्र ५०० रुपयांपर्यंत करमुक्त आणि त्यापुढे १८ टक्के दराने. महसूल विभागाच्या लेखी एक चैन आहे आणि दुसरा खेळ. आता याच केंद्र सरकारची दुसरी यादी पाहावी. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागते. त्यासाठीच्या यादीत भारतीय पुरुष संघाचे सर्व अधिकृत एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामने आपोआप येतात. कसोटी सामने मात्र केंद्र सरकारला ज्यांत मोठे जनहित आहे असे वाटेल, तेवढेच.

एका वहीत देश आणि व्यावसायिक लीग यांच्यात भेद केला आहे, तर दुसरीत आखूड आणि दीर्घ सामन्यांत. दोन्ही भेदांमागे काही ना काही तर्क असेल. संबंधित अधिकाऱ्यांनी आपापली फाइल आपापल्या चौकटीत पाहिली असणार. परंतु क्रिकेटचे कोणते रूप किती महत्त्वाचे, हा निर्णय या देशात किती ठिकाणी आणि किती निरनिराळ्या कारणांसाठी घेतला जातो, हे यावरून दिसते. कर परिषद घेते, मंत्रालय घेते, नियामक मंडळ घेते आणि सर्वांत अधिक ठामपणे प्रक्षेपण हक्क विकत घेणारी कंपनी घेते. तिकीट काढणारा किंवा दूरचित्रवाणीसमोर बसणारा माणूस यांपैकी एकाही टेबलावर नसतो.

चाहत्यांच्या पातळीवर हा विषय निघतो तेव्हा त्याला पिढ्यांच्या भांडणाचे रूप येते. पन्नाशी ओलांडलेले कसोटीची थोरवी सांगतात, विशीतले विचारतात की पाच दिवस कोणाकडे आहेत. मग कोणीतरी ट्वेंटी-२० ला तमाशा म्हणतो आणि चर्चा संपते. मला स्वतःला कसोटी सामना प्रिय आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ट्वेंटी-२० ने एक शुद्ध, सनातन खेळ बिघडवला, ही मांडणी इतिहासात टिकत नाही. क्रिकेटला स्थिर रूप कधीच नव्हते. मार्च १९३९ मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात कालमर्यादा नसलेला कसोटी सामना झाला. ६९६ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड ५ बाद ६५४ पर्यंत पोहोचले होते. दहावा दिवस उजाडला होता. मायदेशी परतण्याचे जहाज चुकू नये म्हणून सामना अनिर्णित सोडण्यात आला आणि त्यानंतर अमर्याद कसोटी कोणी खेळले नाही. पाच दिवसांची चौकट ही तत्त्वज्ञानातून आलेली नाही; तिच्यात बोटीच्या वेळापत्रकाचाही वाटा आहे.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईची पंचरंगी स्पर्धा हे स्वातंत्र्यपूर्व काळातले सर्वाधिक गर्दी खेचणारे क्रिकेट होते. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाला तिच्या पासंगालाही पुरेल इतका प्रेक्षक मिळत नसे. पण संघ धर्मावर आधारलेले होते. १९४० च्या डिसेंबरमध्ये गांधीजींनी या रचनेला जाहीर विरोध केला आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद झाली. म्हणजे प्रेक्षकांना जे हवे होते ते एका मोठ्या सार्वजनिक तत्त्वापुढे नाकारले गेले, आणि ते योग्यच झाले. लोकांना आवडते म्हणून ते चालू ठेवावे, असा माझा मुद्दा नाही. त्या वेळी वाद उघडपणे झाला. वृत्तपत्रांतून, जिमखान्यांतून, सभांतून दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. निर्णयामागचे कारण साऱ्यांना ठाऊक होते.

मर्यादित षटकांचे क्रिकेट आले ते रिकाम्या खुर्च्यांमुळे. इंग्लंडमधील कौंटी सामन्यांकडे लोक फिरकेनासे झाले तेव्हा १९६३ मध्ये ६५ षटकांची जिलेट चषक स्पर्धा सुरू झाली. ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्नला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला तोही पावसाने कसोटी वाहून गेल्यामुळे, केवळ भरपाई म्हणून. त्याला सुमारे ४६ हजार लोक आले. भारतीय क्रिकेटला हे नवे रूप उमगायला वेळ लागला. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना सुनील गावस्कर ६० षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. आठच वर्षांनी त्याच मैदानावर कपिल देवच्या संघाने विश्वचषक उचलला. तेव्हा मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते, म्हणून दिल्लीत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम करून निधी उभारावा लागला. १९८७ चा विश्वचषक उपखंडात आला तेव्हा येथील दिवस लहान म्हणून ६० ची ५० षटके झाली. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती एवढीशी जुनी आहे.

ट्वेंटी-२० च्या जन्माची कथा तर कसोटीप्रेमींनी मुद्दाम वाचावी अशी आहे. या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लोक मैदानावर का येत नाहीत, हे शोधण्यासाठी रीतसर पाहणी करून घेतली. जे येत होते त्यांनाच नव्हे, तर जे येत नव्हते त्यांनाही विचारले. वेळ नाही, कामाच्या दिवशी सामने असतात, वातावरण आपल्यासाठी नाही, असे निष्कर्ष निघाले. त्यावरून संध्याकाळी तीन तासांत संपणाऱ्या खेळाचा प्रस्ताव आला, कौंटी अध्यक्षांच्या बैठकीत तो ११ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला आणि जून २००३ मध्ये पहिले सामने झाले. ज्याला आपण बाजाराचे अपत्य समजतो, त्याचा आरंभ लोकांना प्रश्न विचारण्यातून झालेला आहे.

भारतात मात्र असा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही. आपले मंडळ आरंभी या प्रकाराबाबत उदासीनच होते. २००७ च्या पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाला महेंद्रसिंह धोनीच्या नेतृत्वाखाली तरुण संघ गेला. तेंडुलकर, द्रविड, गांगुली त्यात नव्हते. २४ सप्टेंबरला जोहान्सबर्ग येथे पाकिस्तानवर पाच धावांनी मिळालेला विजय आणि त्याच वर्षी एका खासगी प्रसारण समूहाने उभी केलेली बंडखोर लीग, या दोहोंनी मंडळाचे मन पालटले. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएल सुरू झाली. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे तिचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या निविदेतच सामन्यांची संख्या ७४ वरून टप्प्याटप्प्याने ९४ पर्यंत नेण्याची तरतूद होती. क्रिकेटच्या वर्षातला किती काळ कोणत्या प्रकाराला द्यायचा, हे एका व्यापारी दस्तऐवजात आधीच लिहिले गेले होते.

या पैशाने काय केले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. लहान गावांतली मुले महानगरांच्या क्लबांची पायरी न चढता थेट शोधकांच्या नजरेत येऊ लागली. निवृत्त खेळाडूंची निवृत्तिवेतने वाढली. कार्यालयातून सहाला सुटणाऱ्या माणसाला, स्वयंपाक आवरून बसणाऱ्या गृहिणीला, परीक्षेच्या दिवसांतल्या मुलाला पूर्ण सामना पाहता येऊ लागला. ज्यांना पाच दिवस मोकळे मिळतात अशा पुरुषांनी या सोयीला उथळपणा म्हणणे मला कधी रुचले नाही. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई-नवी मुंबईच्या मैदानांत मुलींना व स्त्रियांना विनामूल्य प्रवेश होता, आणि आखूड सामन्यांमुळेच शाळेतल्या मुली रात्री घरी वेळेत परतू शकत होत्या.

प्रेक्षकांनी मात्र कोणत्याही एका प्रकाराशी निष्ठा वाहिलेली नाही. कसोटी संपली असे म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मधला ओव्हलचा पाचवा दिवस आठवावा. तासभराचाच खेळ उरला होता, तरी मैदान भरले होते, आणि भारताने सहा धावांनी सामना जिंकला तेव्हा इकडे कचेऱ्यांतली कामे थांबली होती. पन्नास षटकांचे क्रिकेट मरणपंथाला लागले, असे गेली दहा वर्षे ऐकतो आहे. २०२३ च्या पुरुष विश्वचषकाला साडेबारा लाख लोक मैदानांत आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक जागचे हलले नाहीत आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारताचा विजय पाहूनच उठले. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली अनेक वर्षांनी रणजी सामना खेळला, तेव्हा दिल्लीच्या मैदानाबाहेर पहाटेपासून रांग होती. तो सहा धावांवर बाद झाल्यावर पुष्कळसे लोक निघून गेले, हेही सांगायला हवे. रणजीवरचे प्रेम ते नव्हते. पण प्रवेश मोफत आहे, सामना अमुक दिवशी आहे आणि ओळखीचा खेळाडू खेळतो आहे, एवढे कळले तर चार दिवसांच्या सामन्यालाही माणसे येतात, इतके त्यातून निश्चित कळते.

चेन्नईच्या चेपॉकवर ३१ जानेवारी १९९९ रोजी पाकिस्तानकडून १२ धावांनी हरल्यावर उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या देणारा प्रेक्षक आणि आज पिवळी जर्सी घालून त्याच मैदानात ओरडणारा प्रेक्षक हे एकाच शहराचे आहेत. कित्येक घरांत बाप-लेक आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या सामन्याच्या लांबीबद्दल फारशा नसतात. षटक संपताच, कधी शेवटचा चेंडू सीमारेषेपर्यंत जाण्याआधीच जाहिरात येते, ही एक. सपाट खेळपट्ट्यांवर गोलंदाज हा केवळ चेंडू पुरवणारा मजूर झाला, ही दुसरी. आयपीएलमधील इम्पॅक्ट प्लेयरचा नियम हे तिसरे दुखणे. अकराऐवजी बारा जण खेळवण्याच्या या सोयीमुळे अष्टपैलू खेळाडूची गरज संपते, अशी नापसंती रोहित शर्माने कर्णधार असताना जाहीरपणे बोलून दाखवली. देशांतर्गत मुश्ताक अली स्पर्धेतून २०२४ मध्ये तो काढून टाकण्यात आला. आयपीएलमध्ये मात्र २०२७ पर्यंत कायम आहे. एकाच मंडळाच्या दोन स्पर्धांत एकच खेळ किती जणांनी खेळावा याबद्दल दोन मते आहेत आणि त्याचे स्पष्टीकरण प्रेक्षकाला कोणी दिलेले नाही.

कसोटी सामने कोणत्या शहरांना द्यावेत, या प्रश्नावरही असेच झाले. २०१९ मध्ये रांचीतील रिकाम्या मैदानानंतर कोहलीने पाच ठरावीक कसोटी केंद्रांची सूचना केली. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. विरोधातही आहे, कारण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीला पहिला कसोटी सामना झाला तेव्हा ईशान्येतल्या प्रेक्षकाला तो मिळू नये असे कोण म्हणेल? हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे. संघराज्यात सार्वजनिक वस्तूंचे वाटप कसे करावे, याच जातीचा. तो फिरत्या पाळीच्या रिवाजाने सुटतो. चर्चा होत नाही.

आता मैदानाच्या आत या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी, छत नसलेल्या प्रेक्षागारात, पिण्याचे पाणी संपले. लोकांनी घोषणा दिल्या, यजमान संघटनेने दिलगिरी व्यक्त केली. त्याच्या महिनाभर आधी कानपूरला तिसऱ्या दिवशी पाऊस नसतानाही मैदान ओले म्हणून एकही चेंडू टाकला गेला नाही. २०२३ च्या विश्वचषकाचे वेळापत्रक स्पर्धेच्या जेमतेम शंभर दिवस आधी आले, पुढे त्यात बदल झाले आणि तिकीटविक्री ऑगस्टअखेरीस सुरू झाली. त्या काळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे! कोलकात्याहून अहमदाबादला जाऊ इच्छिणाऱ्या चाहत्याने नेमके काय करावे, याचा विचार कोणाच्या टिपणीत असेलसे वाटत नाही.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. १९६७ च्या नववर्षदिनी ईडन गार्डन्सवर जागांपेक्षा अधिक तिकिटे विकली गेल्याने दंगल उसळली, लाठीमार झाला, जाळपोळ झाली. १९६९ च्या डिसेंबरमध्ये त्याच मैदानाबाहेर दैनिक तिकिटांच्या रांगेत चेंगरून सहा जण मेले. तेव्हा सामना कसोटी होता. ४ जून २०२५ रोजी बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर अकरा जण मेले तेव्हा तर सामनाही नव्हता. आदल्या रात्री जिंकलेल्या आयपीएल चषकाचा सत्कार होता. सुमारे ३५ हजार क्षमतेच्या मैदानाकडे, राज्य सरकारच्याच सांगण्यानुसार, दोन लाखांहून अधिक लोक आले. बंदोबस्ताच्या फाइली हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते की, गर्दीचा अंदाज, प्रवेशद्वारांची संख्या आणि आयोजकाचे लेखी हमीपत्र या तीन कागदांशिवाय परवानगीवर सही होत नाही. येथे समाजमाध्यमावरच्या निमंत्रणाने या तिन्हींची जागा घेतली. नंतर अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, न्यायमूर्ती मायकेल डिकुन्हा आयोगाने हे मैदान मोठ्या गर्दीसाठी असुरक्षित असल्याचे म्हटले. मेलेल्यांत बहुतेक तरुण होते. संघाला अठरा वर्षांनी मिळालेला चषक त्यांना पाहायचा होता.

तर मग या प्रेक्षकाचे कायद्यातले स्थान काय? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत यांच्या त्या निकालपत्रात दर्शकाच्या हक्काला मध्यवर्ती स्थान होते. वाद दूरदर्शन आणि क्रिकेट संघटना यांच्यातला; न्यायालयाने दोघांच्या पलीकडे बसलेल्या तिसऱ्या माणसाकडे पाहिले. पुढच्या तीन दशकांत हक्कांचा बाजार फोफावला आणि तो तिसरा माणूस प्रेक्षकसंख्येच्या आकड्यात विरघळला. २०१६ मध्ये लोढा समितीने कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत दोन षटकांमधल्या जाहिरातींना आवर घालण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने समितीचा बहुतांश अहवाल स्वीकारला, पण हा विषय मंडळाच्या विवेकावर सोडला. तो विवेक आपण रोज पाहतो.

समितीची दुसरी शिफारस मात्र मंडळाच्या घटनेत उतरली. तिकिटे, प्रवेश आणि मैदानातील सोयी यांबद्दल कोणाही नागरिकाला मंडळाच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. किती चाहत्यांना हे माहीत आहे? तिकिटाच्या मागे काय आणू नये याची यादी असते, लोकपालाचा पत्ता नसतो. त्याच घटनेनुसार ९० टक्के तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला ठेवायची आणि सन्मानिका दहा टक्क्यांपुरत्याच द्यायच्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये या सन्मानिकांच्या वाटणीवरून मंडळ आणि मध्य प्रदेश संघटना यांचे इतके बिनसले की वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना इंदूरहून विशाखापट्टणमला हलवण्यात आला. भांडण होते फुकट जागांचे. शिक्षा झाली ती पैसे मोजायला तयार असलेल्या इंदूरकरांना.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. ऑलिम्पिकमध्ये २०२८ साली ट्वेंटी-२० येणार असल्याने क्रिकेट मंडळही त्याच्या कक्षेत येते. खेळाडूंच्या समित्या, महिलांचे प्रतिनिधित्व, स्वतंत्र न्यायाधिकरण, ही त्यातली चांगली पावले आहेत. पण माहितीचा अधिकार सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांपुरता राखला गेला. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७५ व्या अहवालात क्रिकेट मंडळाला सार्वजनिक प्राधिकरण माना, असे सांगितले होते, ते बाजूला पडले. आणि प्रेक्षक हा घटक या कायद्यात कोठेच नाही. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला आणि क्लबांवर चाहत्यांशी विचारविनिमय करण्याचे बंधन आले. त्यामागे २०२१ चा अनुभव होता. बड्या क्लबांनी जाहीर केलेली बंदिस्त युरोपीय सुपर लीग चाहते रस्त्यावर उतरल्यामुळे दोनच दिवसांत कोसळली होती. आपल्या चाहत्याने रस्त्यावर उतरावे, असे मी म्हणणार नाही. आपले रस्ते आणि आपली गर्दी मी पाहिली आहे.

करण्यासारखे बरेच काही कायद्याशिवायही होऊ शकते. प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर यजमान संघटनेने किती जागा होत्या, किती विकल्या, किती वाटल्या हे प्रसिद्ध करावे. परवानगी देणाऱ्या जिल्हा प्रशासनाने पाणी, सावली, बाहेर पडण्याचे मार्ग यांची तपासणी तिकीटविक्रीपूर्वी करावी, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. नियम बदलण्यापूर्वी त्याचा मसुदा महिनाभर लोकांपुढे ठेवावा; दूरसंचार नियामक साध्या दरबदलासाठीही सल्लापत्र काढतो. हक्कांची विद्यमान मुदत २०२७ मध्ये संपते, इम्पॅक्ट प्लेयरचा नियमही तेव्हाच फेरविचाराला येतो. नव्या निविदेत सामन्यांचा आकडा लिहिला जाईल आणि त्यावरून रणजीला कोणते महिने उरतात ते ठरेल. २०२४-२५ पासून रणजी हंगामाचे दोन तुकडे झालेच आहेत. ही निविदा निघण्यापूर्वी मंडळाला हाताशी वर्ष-दीड वर्ष आहे. इंग्लंडच्या मंडळाने २५ वर्षांपूर्वी केली तशी पाहणी करायला तेवढा अवधी पुरतो.